बेटीचा गुडघा

आज दिवसभर बेटी रॉबिन्सनचा गुडघा मनातून जात नाही. ऑलिम्पिकमध्ये महिलांची १०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमला. ती जिंकली इलिनॉयच्या या १६ वर्षांच्या शाळकरी मुलीने, १२.२ सेकंदांत. तीन वर्षांनी तिचं विमान कोसळलं. मोडलेला पाय जोडला गेला, पण आखूड झाला आणि गुडघा पुरता वाकेना. १९३२चं लॉस एंजेलिस, तिच्याच देशातलं, हुकलं.

वेगाच्या शर्यतीत सुरुवातच ओणवं होऊन करायची. त्या एका वाकण्यावाचून १०० मीटर तिच्यासाठी संपलीच. मग तिने रिले धरली. तिथे ओणवं व्हावं लागतं फक्त पहिलीला. बाकीच्या उभ्यानेच निघतात. काय शहाणी पोर! जिद्दीचं कौतुक सगळेच करतात, मला तिच्या या विचाराचं जास्त वाटतं.

१९३६, बर्लिन. तिसरा टप्पा बेटीचा, शेवटचा हेलन स्टीफन्सचा. आघाडीवरच्या जर्मन मुलींचं बॅटन शेवटच्या बदलात पडलं आणि सुवर्ण अमेरिकेला मिळालं. याला कुणी नुसतं नशीब म्हटलं की मला राग येतो. बेटीने आपलं बॅटन हेलनच्या हातात नीट दिलं होतं.