तांबडी

आबांच्या ढाबळीत सगळी निळी-राखी कबुतरं होती. पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवट झाक. पंचगंगेच्या घाटावर दिसतात तशीच. त्यांत तांबडी एकटी वेगळी. अंग विटकरी, शेपूट आणि पंखांची टोकं राखी, आणि पंखावर पट्ट्यांऐवजी तांबूस जाळी. शिवाजी पेठेतल्या एका शौकिनाकडून आबांनी ती पिल्लू असतानाच आणली. स्वभाव तापट. ज्वारीच्या ताटलीत दुसऱ्या कुणी चोच घातली की पंखाचा फटका बसलाच. आबांच्या मनगटावर मात्र निवांत बसायची.

तिची जोडी आबांनी एका निळ्या, पट्टेवाल्या नराशी लावली. अंडी दोनच. दिवसाउजेडी नर बसायचा, दुपार कलली की तांबडी त्याला उठवून रात्रभर बसायची. अठराव्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघत, आणि आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीतलं दूध त्यांना भरवत. पिसं फुटायला लागली की आबा सांगत, "तांबडं हाय ते नर, निळी हाय ती मादी." एवढ्या लहान पिल्लात नर-मादी ओळखणं मुरलेल्या शौकिनांनाही अवघड. शेजारी आधी हसले. पण दर खेपेला तसंच निघालं.

हे आबांना कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक जोडीची पिल्लं ते दुकानाच्या जुन्या वहीत लिहून ठेवत आणि त्या वहीतूनच त्यांना ते उमगलं होतं. त्यामागचं कारण मी पुढे कॉलेजात वाचलं. पक्ष्यांत नराला झेड गुणसूत्रं दोन असतात, मादीला एकच. हा रंग ठरवणारा जनुक त्याच झेडवर बसतो, आणि आईचं झेड फक्त मुलग्यांना जातं. मुलींना झेड मिळतं ते बापाकडून. म्हणून तांबडीचा रंग तिच्या मुलग्यांवर उतरला आणि मुली बापासारख्या निळ्या झाल्या. तो जनुक नेमका कोणता, हे युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं.

तिच्या तांबड्या मुलांच्या पिसांवर मात्र शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके होते, वयाबरोबर वाढणारे. बापाकडून आलेला निळा रंग तांबड्याखाली दबलेला होता, तो असा डोकावत होता. मला कबुतरांमधलं सगळ्यांत सुंदर वाटतं ते हेच.

डार्विननेही ढाबळ ठेवली होती. पांढरा लक्का आणि काळा बार्ब या जातींच्या कबुतरांच्या नातवंडांत एक पक्षी निळा, दोन काळ्या पट्ट्यांचा निघाला, असं त्याने १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये लिहिलं आहे. त्याला हिंदुस्थानातून कबुतरांची कातडी पाठवणारे वॉल्टर इलियट हे एके काळी आपल्याच भागात, दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होते. हे कळल्यावर आबांची वही मला आणखी मोलाची वाटायला लागली.

जाळीचा हिशेब वेगळा. ती झेडवर नसते, मुलगा-मुलगी दोघांनाही मिळते, आणि पट्ट्यावर मात करते. २०१८ मध्ये असंही सिद्ध झालं की ही जाळी पाळीव कबुतरांत आफ्रिकेतल्या एका रानकबुतराशी झालेल्या संकरातून काही शतकांपूर्वी आली. तांबडीच्या निम्म्या-अर्ध्या पोरांवर ती होती.

तांबडी बारा वर्षं जगली. तिच्या मुलग्यांतले काही शिक्र्याने नेले, काही आबांनी मागणाऱ्यांना दिले, शेवटचा म्हातारा होऊन गेला. आज ढाबळ माझा भाऊ बघतो. तांबडीच्या मुलींच्या वंशातली कबुतरं तिथे आहेत आणि त्यांच्या पंखांवर जाळी आहे. पण तांबडा रंग लपून राहत नाही. असेल तर दिसतोच. निळ्या मुलींच्या अंगात तो नव्हता, त्यामुळे बाहेरून तांबडं कबुतर आणल्याशिवाय त्या ढाबळीत आता तांबडं पिल्लू निघणार नाही.