तळघरातला एक रविवार

न्यूयॉर्कला गेलात तर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर तुम्ही पाहालच. पण एक संध्याकाळ ग्रीनविच व्हिलेजसाठी राखून ठेवा. मॅनहॅटनच्या या जुन्या भागात ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचा जॅझ क्लब आहे. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये तो इथे सुरू केला. दारातून आत शिरलं की अरुंद जिना थेट तळघरात उतरतो. खाली एक त्रिकोणी खोली आहे. जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढीच.

जाण्याआधी एक काम करा. याच खोलीत २५ जून १९६१ रोजी झालेलं ध्वनिमुद्रण ऐका. तो रविवार होता. पियानोवर ३१ वर्षांचे बिल इव्हान्स, ड्रमवर ३० वर्षांचे पॉल मोशन आणि डबल बासवर २५ वर्षांचे स्कॉट लाफारो. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं तंतुवाद्य. दुपारपासून रात्रीपर्यंत तिघांनी पाच वेळा बैठक जमवली.

जॅझ कळत नाही म्हणून बिचकू नका. आपल्याकडे बंदिश मांडून झाली की तिची बढत सुरू होते. इथेही आधी ओळखीची चाल वाजते, मग त्याच चौकटीत वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवत जातो. बासने एरवी खालून लय आणि सूर सांभाळायचा. लाफारो मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. पियानोने काही म्हटलं की ते उत्तर देतात, कधी स्वतःच नवा विषय काढतात. इव्हान्सही हात आवरून त्यांना जागा देतात. हा साथसंगतीचा मामला नाही, तिघांच्या गप्पा आहेत.

नीट ऐकलंत तर ग्लासांची किणकिण आणि लोकांचं बोलणंही ऐकू येईल. काही टेबलांवर चक्क गप्पा चालल्या होत्या. त्यांचा तरी काय दोष? रविवारची एक मैफल, एवढंच त्यांच्यासाठी होतं.

६ जुलैला मोटार अपघातात लाफारो गेले. हे तिघे पुन्हा एकत्र वाजवू शकले नाहीत. इव्हान्स इतके खचले, की कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसले नाहीत. त्या रविवारच्या ध्वनिमुद्रणातून ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही तबकडी निघाली. तिची पहिली आणि शेवटची रचना लाफारोंची आहे. नंतर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ आली. डेबी ही इव्हान्स यांची पुतणी. मुलांना सोबत घेऊन ऐकायची असेल तर या चालीपासूनच सुरुवात करा.

आता क्लबविषयी थोडं. तिकीट आधीच काढून ठेवा. इथे जेवण मिळत नाही, म्हणून पोटपूजा उरकून जा. सोमवारी गेलात तर सोळा वादकांचा ताफा ऐकायला मिळेल. १९६६ पासून सोमवार त्यांचा असतो. वादन सुरू असताना बोलणं, फोन, फोटो काहीही चालत नाही. हा नियम जाचक वाटला तर १९६१ मधली ती टेबलं आठवा. समोर एखादा कोवळा पियानोवादक आपल्या जोडीदारांसह बसलेला असेल. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. तरी फोन खिशातच राहू द्या. आज तो जे वाजवेल, तसंच्या तसं उद्या तोही वाजवणार नाही.