उत्तर तयार होतं

माझ्या मेव्हण्याचं डावं मनगट थंडी पडली की अजून ठणकतं. आमच्या हैदराबादची थंडी ती काय! पहाटे चौदा अंश झाले की आमच्या जामबाग भागात माकडटोप्या बाहेर निघतात. पण तेवढ्यानंही ठणकतं. संक्रांतीला नांदेडहून आला की तो काही बोलत नाही, नुसता मनगट चोळत बसतो, आणि मी उगाच पेपर उघडतो. ते मनगट मोडलं त्यात बर्फाचा दोष थोडा, माझा जास्त. कारण मला कुणी सांगितलं नव्हतं असं झालंच नाही. पाच वेळा सांगितलं होतं. पाचही वेळा माझ्याकडे उत्तर तयार होतं.

निवृत्त झालो त्या वर्षीची गोष्ट. आमच्या घरातल्या तीन पिढ्या विवेकवर्धिनीत शिकल्या. १९०७ सालची शाळा, घरापासून चालत पाच मिनिटं. तिथे भूगोलाच्या तासाला नकाशातला हिमालय पाहिला, त्यानंतर आयुष्यभर बर्फ पाहिला तो मोजमजाही मार्केटच्या आइस्क्रीमवाल्यांकडे. रजा मिळायची नाही, मिळाली तर कुणाचं तरी लग्न असायचं. निवृत्तीनंतर मात्र मनानं घेतलं, की आपली गाडी आपण चालवत बर्फात न्यायची. विमानानं जाऊन टॅक्सी करण्यात काय मजा?

रस्ताही मोहात पाडणारा. जुना सात नंबरचा हायवे आता ४४ नंबरचा झालाय. श्रीनगर ते कन्याकुमारी, चार हजार शंभर किलोमीटरच्या आसपास. मेडचलच्या बाजूनं एकदा त्याला लागलं की नागपूर, झाशी, आग्रा, दिल्ली करत अंबाल्यापर्यंत तोच रस्ता. तिथून काल्का, शिमला आणि शिमल्याच्या पुढे साठेक किलोमीटरवर नारकंडा. उंची सुमारे २,७०० मीटर, भोवती देवदाराचं जंगल. जामबागेच्या दारापासून तिथवर दोन हजार किलोमीटरच्या घरात.

पहिला सांगणारा आमच्या भागातला मेकॅनिक. बॉनेट उघडून म्हणाला, "साब, उधर बरफ है बोले तो ये पूरा निकाल के नया कूलंट डालना पडता. आप तो पानीच डालरे इत्ते दिन." मी म्हणालो, "सात साल से पानीच पी रही गाडी, कब्भी बिमार पडी क्या?" तो हसला, मीही हसलो. त्यानं ऑइल बदललं आणि बॉनेट लावून टाकलं.

दुसरी सांगणारी, दर हिवाळ्यात स्वेटर विकायला हैदराबादेत येणाऱ्या तिबेटी बायकांपैकी एक. आम्ही चार स्वेटर, तीन कानटोप्या घेतल्या. एवढं कशाला म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं. तिनं स्वेटरची घडी घालता घालता विचारलं, "गाडी से? टायर की चेन है?" मी म्हणालो, "हम बर्फ देखने जा रहे हैं, बर्फ पे चलाने नहीं." मेव्हणा खो खो हसला. या वाक्याचं मला पुढे दोन दिवस कौतुक वाटत होतं.

झेंडूचा हार घालून गाडी निघाली. मी, बायको आणि मेव्हणा. पहिला मुक्काम नागपूर, दुसरा झाशी, तिसरा अंबाला. पेंचच्या जंगलात हा रस्ता जागोजाग खांबांवर उचललाय, खालून वाघांनी जावं म्हणून. तेवढा भाग मी मुद्दाम सावकाश चालवला. बाकी गाडी पळत होती आणि माझी मान ताठ होत होती. प्रत्येक ढाब्यावर नंबरप्लेट बघून कुणीतरी विचारायचं, "हैदराबाद से? चला के?" त्या प्रश्नानं माणूस बिघडतो. हरियाणातल्या धुक्यात मी मोठा दिवा लावून पांढऱ्या भिंतीकडे बघत चाललो होतो. मोठ्या दिव्याचा झोत धुक्यावर आपटून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, हे मेव्हण्यानं दिवा खाली करायला लावला तेव्हा दिसलं. पण ते शिकणं मी खात्यात धरलं नाही.

पानिपत आलं तेव्हा अंधारत होतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काला आम बघू. संक्रांत तीन दिवसांवर आलीय." १४ जानेवारी १७६१. उत्तरेच्या थंडीत, रसद तुटलेल्या, उपाशी मराठा फौजेची लढाई. मराठी माणसानं तिथे थांबायलाच हवं होतं. मी म्हणालो, "येताना थांबू."

नारकंड्याला पोचलो तेव्हा बर्फ होताच. देवदाराच्या आडव्या फांद्यांवर बर्फाचे थर बसलेले, मधूनच एखादी फांदी ओझं टाकून वर उसळायची आणि पांढरी भुकटी सावकाश खाली यायची. बायको कितीतरी वेळ नुसती उभी होती. गेस्टहाउसच्या म्हाताऱ्या केअरटेकरनं तोंडानंच झाडांची ओळख करून दिली. हा देवदार, ही कैल, वरच्या अंगाला राई आणि तोस. मग गाडीकडे बघून म्हणाला, "बाऊजी, हैंडब्रेक मत लगाना. गियर में डालो, टायर को पत्थर लगाओ." हा तिसरा. मी म्हणालो, "चढावर हँडब्रेक नाही लावायचा तर कुठे लावायचा?" आणि खसकन ओढला.

रात्री त्यानं खोलीत कोळशाची अंगिठी आणून दिली आणि जाताना खिडकी चार बोटं उघडून गेला. "इसे बंद मत करना." हे चौथं सांगणं, त्याचंच. तो गेल्यावर मी बंद केली. खिडकी उघडी ठेवायची तर शेगडी कशाला? हे मी बायकोला ऐकवलं आणि पांघरूण ओढून झोपलो. मध्यरात्री तिला मळमळायला लागलं, डोकं जड झालं. तिनं उठून आधी खिडकी उघडली, मग अंगिठी बाहेर ठेवली. मी सकाळी म्हणालो, उंचीमुळे होतं असं. उंचीमुळे नव्हतं ते. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीजवळ हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. गाडीचं धुराडं बर्फानं बुजलेलं, काचा बंद आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू असेल, तर हाच वायू गाडीत भरतो. ही बातमी मी घरी बसून वाचली होती, हळहळलोही होतो. अंगिठी समोर आली तेव्हा तिचा संबंध काही डोक्यात आला नाही. त्या रात्री आम्ही वाचलो ते बायकोच्या मळमळीमुळे.

सकाळी गाडी हलेना. चालू झाली, गिअर पडला, पण मागची चाकं फिरायला तयार नव्हती. ओल्या ब्रेकला ओढून धरलं होतं, रात्रीत ते तसंच गोठलं. केअरटेकर काही न बोलता कोमट पाण्याची बादली घेऊन आला. अर्ध्या तासानं चाकं सुटली. मी गाडी रस्त्यावर घेतली आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. बाहेर पाणी गोठतंय आणि आत इंजिन तापतंय! मला आधी काटाच बिघडला असं वाटलं. हीटर लावला तर थंड वारा. बॉनेट उघडून वरच्या टाकीत बघितलं तर भेळवाल्याकडच्या बर्फाच्या चुऱ्यासारखा लगदा. रेडिएटरमधलं पाणी गोठलेलं होतं, ते फिरणार कसं आणि इंजिन गार करणार कसं? अर्धं कूलंट, अर्धं पाणी असं मिश्रण शून्याखाली तीस-पस्तीस अंशांपर्यंत टिकतं. माझ्या गाडीत सात वर्षांच्या काटकसरीचं पाणी होतं. पाण्याचा बर्फ झाला की आकार नऊ टक्क्यांनी वाढतो. एक नळी तडकली होती.

गावातल्या मेकॅनिकनं नळी बदलली, सगळं पाणी काढलं, कूलंट भरलं. यात चार वाजले. बायको म्हणाली, "अहो, आजची रात्र इथेच राहू. सकाळी ऊन आलं की निघू." हे पाचवं सांगणं. मेव्हण्याचं परतीचं आरक्षण होतं, रजा संपत होती आणि मुख्य म्हणजे सकाळपासून सगळ्यांसमोर माझी शोभा झाली होती. मी म्हणालो, "साठ किलोमीटर तर आहे शिमला. जामबागहून भोंगीरच्या जरा पुढे."

देवदाराच्या जंगलाची एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. हे झाड बारा महिने हिरवं. त्याच्या सावलीत रस्त्याचा जो तुकडा येतो तिथे हिवाळ्यात ऊन पोचतच नाही. दिवसा वरच्या उतारावरचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि सूर्य डोंगराआड गेला की जिथल्या तिथे गोठतं. पांढरं दिसत नाही. पातळ, पारदर्शक थर, खालचं डांबर आरपार दिसतं. मला वाटलं, रस्ता ओला आहे.

वळण होतं, उतार होता, मी ब्रेक दाबला. पंचवीस वर्षं हेच करत आलोय. आवाज काहीच झाला नाही. करकचणं नाही, धक्का नाही. स्टिअरिंग हलकं झालं, खेळण्यातल्यासारखं, आणि गाडी आपल्याच लहरीनं सावकाश आडवी होत खाली घसरायला लागली. पाय ब्रेकवर तसाच दाबलेला. चाकं फिरत नसताना स्टिअरिंगचा उपयोग नसतो, हे कळतं पण पाय ऐकत नाही. समोर कठड्याचे चुना लावलेले दगड जवळ येताना दिसत होते. बंपर दगडाला टेकला आणि गाडी थांबली. पलीकडे देवदारांचे शेंडे आमच्या डोळ्यांच्या पातळीला होते.

इथवर झालं ते अडाणीपणा म्हणून सोडता येईल. पुढचं नाही. मी मेव्हण्याला ओरडलो, "उतर, मागच्या चाकाला दगड लाव!" तो म्हणाला, "दाजी, जरा थांबा, खाली काय आहे ते बघू—" मी म्हणालो, "उतर म्हणतो ना!" ज्या जागी चार टायर धरत नव्हते तिथे मी माणसाला, नांदेडमध्ये घेतलेल्या गुळगुळीत तळव्याच्या बुटांत, उतरवलं. त्यानं पाय टेकला आणि तो दिसेनासा झाला. मग काटकी मोडल्यासारखा आवाज. तो ओरडला नाही. "दाजी, हात गेला," एवढंच म्हणाला, अगदी साध्या आवाजात.

मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वरच लांब ट्रक थांबवला. फावडं घेऊन रस्त्याच्या अगदी कडेनं, खरबरीत बर्फावर पाय देत खाली आला. कडेची माती आमच्या चाकांखाली आणि पुढच्या पन्नास पावलांवर पसरली. मेव्हण्याचा हात बायकोच्या शालीनं बांधून दिला. मग खिडकीशी येऊन सांगितलं, की दुसरा गिअर, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही, गाडीला इंजिननंच आवरू द्या. शेवटी टायरकडे बघून विचारलं, "बाऊजी, चेन कहाँ है?"

त्या सबंध प्रवासात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिमल्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी संक्रांत. जामबागेत गच्च्यांवर पतंग चढले असतील आणि आम्ही काल्क्याचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. मेव्हण्याला अंबाल्याला सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसवलं, ती थेट नांदेडला जाते. हात गळ्यात, सहा आठवड्यांची रजा. डब्याच्या दारात तो म्हणाला, "दाजी, पानिपतला थांबा बरं का." थांबलो. मी आणि बायको काला आमच्या स्तंभासमोर दहा मिनिटं उभे होतो. दोघंही काही बोललो नाही.

परत आल्यावर मेकॅनिककडे गेलो. तो काही म्हणाला नाही, हे जास्त लागलं. आता आमच्या भागातलं कुणी थंडीत तिकडे निघालं की मी बोलावून सांगतो: कूलंट बदला, पाणी नको. टायरच्या साखळ्या घ्या आणि त्या घरीच एकदा चढवून बघा. रात्री हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड द्या. बंद खोलीत शेगडी नको. दुपारी तीननंतर जंगलातला उतार नको. ओला दिसणारा रस्ता ओला आहे असं समजू नका. आणि गाडी अडकली तर माणसाला खाली उतरवण्याआधी खाली काय आहे ते बघा.

बहुतेक जण ऐकून घेतात. परवा एक तरुण मुलगा हसत म्हणाला, "काका, आजकाल गाड्यांमध्ये सगळं असतं." मी त्याला मेव्हण्याचा नंबर दिला.

तुम्हीही जाणार असाल तर जरूर जा, देवदारावरचा बर्फ बघण्यासारखाच असतो. फक्त वाटेत कुणी काही सांगितलं तर लगेच उत्तर देऊ नका.