गाळी पाईप

‘मराठी विभागासाठी लेख द्यावेत’ अशी सूचना फलकावर लागली आणि आठ दिवसांत आमच्या एकट्या वर्गातून पावसावर तीन व आईवर दोन लेख गेल्याचे कळले. पाऊस आणि आई यांच्यावर माझ्यासाठी फारसे काही उरले नव्हते. म्हणून मी आमच्या न्हाणीघरावर लिहायचे ठरवले. वाचकहो, नाक मुरडू नका. ज्या वस्तूमुळे न्हाणीघरात नाक मुरडावे लागत नाही, तिच्याविषयीच मला सांगायचे आहे.

आमचे घर शहापुरातले, जुने, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेले. संडास परसाच्या पार टोकाला. आजीचे वय अठ्ठ्याहत्तर. बेळगावचा आषाढ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रात्री दोन वाजता परस ओलांडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी. भिंत धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आजी शेवाळावर घसरली आणि सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये घेऊन बसली. तेव्हाच बाबांनी ठरवले, की पुढच्या पावसाच्या आत स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीचे न्हाणीघर व संडास करायचा. पतसंस्थेचे कर्ज काढले, उरलेला भार सांगलीच्या काकांनी उचलला. काका हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. पैसे देतात, पण सोबत पेन्सिलही आणतात.

मेस्त्री कन्नड बोलणारे. मराठी त्यांना समजते, पण मोजमाप आणि भाव मात्र कन्नडमध्येच. त्यामुळे ते सांगत आणि मी मराठीत यादी लिहून घेई. मला ते ‘तंगी’ म्हणत. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीत काय ते सर्वांना माहीत आहे. त्या महिन्यात आमच्या घरी दोन्ही होत्या.

यादीत चार इंची पाईप, पी ट्रॅप, नहाणी ट्रॅप, बेंड, डोअर टी असे सगळे उतरले आणि शेवटी मेस्त्री म्हणाले, ‘‘गाळी पैप, दोन इंची.’’ मी तसेच लिहिले. रविवारी काका आले, यादीवरून पेन्सिल फिरवली आणि तिथे थांबले. ‘‘गाळ वाहून न्यायला चार इंची पाईप आहे ना? मग गाळासाठी हा दुसरा कशाला?’’ असे म्हणून त्यांनी ती रक्कम खोडलीसुद्धा. कन्नडमध्ये ‘गाळी’ म्हणजे वारा, हवा. मी ते सांगितले, तर काका आणखीच बिथरले. ‘‘हवेसाठी पाईप? हवा फुकट मिळते म्हणून तिला बसायला खुर्ची द्यायची?’’

त्यावर मेस्त्रींनी वाद घातला नाही. आईकडून तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा मागून घेतला, पाण्याने भरला, बूच घट्ट लावले, खिळ्याने एक भोक पाडले आणि डबा कलता केला. पाणी गटगट करीत, अडखळत, थांबून थांबून आले. मग विरुद्ध कोपऱ्यात दुसरे भोक पाडले. लगेच एकसारखी धार लागली. ‘‘नीरिगे गाळी बेकु,’’ मेस्त्री म्हणाले. पाण्याला हवा लागते. काकांनी जन्मभर तेलाच्या डब्याला दोन भोके पाडली असतील. ती का पाडतो, हे त्यांना त्या दिवशी कुणी विचारले नाही म्हणून बरे.

आता थोडी शास्त्राची बाजू. संडासाच्या भांड्याखाली आणि न्हाणीच्या तोंडाखाली नळीला मुद्दाम बाक दिलेला असतो. त्या बाकात नेहमी सुमारे दोन इंच पाणी साचून राहते. हेच पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधले दार. १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने अशा वाकड्या नळीच्या संडासाचे पेटंट घेतले. आपल्याकडे न्हाणीतल्या अशा ट्रॅपला अभियंते ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तोच शब्द जाऊन बसला आहे, याचे मला मराठी माध्यमाची विद्यार्थिनी म्हणून बरे वाटले.

पण हे दार पाण्याचे. बादलीभर पाणी एकदम ओतले, की ते पाईप भरून धावते आणि आपल्यामागे हवा ओढत नेते. हवेला यायला दुसरी वाट नसेल, तर ती त्या बाकातूनच येते आणि येताना साचलेले पाणीही सोबत घेऊन जाते. नळीने रॉकेल ओढताना जे होते, तेच इथे होते, फक्त ओढणारे तोंड दिसत नाही. ‘गुडगुड’ असा आवाज आला, की समजावे, दार सरकले. मग गटारातली हवा सरळ घरात. गाळी पाईप एवढेच करतो: पाण्यामागे लागणारी हवा छपरावरून आणून देतो आणि गटारात कोंडलेल्या वायूला छपरावर नेऊन सोडतो.

हा वायू नुसता घाण वासाचा नाही. त्यात हायड्रोजन सल्फाईड असतो. कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. प्रमाण फार वाढले, की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. गटारात उतरलेली माणसे एकामागोमाग एक कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात हाच वायू असतो. मैला साफ करायला माणूस जुंपण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तरी त्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आमच्या घरातला प्रश्न वासाचा होता. त्या माणसांचा जिवाचा असतो. हे मेस्त्रींशी बोलताना निघाले आणि ते बराच वेळ गप्प राहिले, म्हणून इथे लिहिले.

कोरडा ट्रॅप काय करू शकतो, याचे एक उदाहरण वाचनालयात सापडले. २००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. चौकशीत असे दिसले, की लोक न्हाणीघराची फरशी धुण्याऐवजी नुसती पुसत असल्यामुळे अनेक घरांतले जमिनीतले ट्रॅप सुकून गेले होते, आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांनी सांडपाण्याच्या नळीतली हवा आत ओढली. सुकलेल्या ट्रॅपला गाळी पाईपचा उपयोग नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिथे रोज एक तांब्या पाणी ओतावे लागते. ते काम आजीने स्वतःकडे घेतले आहे.

काका पटले, तोच शेजारच्या अक्का उभ्या राहिल्या. आमचे छप्पर बसके, त्यांची गच्ची त्याहून उंच, आणि गच्चीवर उन्हाळाभर संडिगे वाळत घातलेले. संडिगे म्हणजे आपले सांडगे. पाईप आमच्या छपराबाहेर हातभर काढला असता, तर त्याचे तोंड बरोबर त्यांच्या कठड्यासमोर आले असते. ‘‘निम्म मनी नात नम्म संडिगिगे याक?’’ अक्कांनी विचारले. तुमच्या घरचा वास आमच्या सांडग्यांना का? प्रश्न बिनतोड होता. बाबा म्हणाले, ‘‘अक्का, वास येणार नाही.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘येणार नाही, तर पाईप कशाला लावता?’’ हाही बिनतोड.

मेस्त्रींनी तोड काढली. पाईप अक्कांच्या कठड्याच्याही वर सात फूट न्यायचा, माथ्यावर जाळीची टोपी बसवायची. पण एवढा उंच पाईप वाऱ्यात उभा राहायचा तर त्याला पट्ट्या हव्यात, आणि पट्टी ठोकायला भिंत होती ती अक्कांचीच. म्हणजे ज्यांची हरकत, त्यांच्याच भिंतीचा आधार मागायचा. बाबांना ते जड गेले. शेवटी आजी गेली, हात पूर्ववत वळत नव्हता तो घेऊन. दोघींत काय बोलणे झाले, ते कळले नाही; एकीला कन्नड येते तेवढेच दुसरीला मराठी. संध्याकाळी अक्कांनी खिडकीतून सांगितले, ‘‘दोनच पट्ट्या ठोका. आणि भोकं सिमेंटनं भरा.’’ वाढीव पाईपचा खर्च काकांनी यादीत लिहिला. आमच्या कॉस्टिंगच्या सरांनी ‘ओव्हरहेड’ म्हणजे काय हे दोन तास समजावले होते. मला ते गच्चीकडे पाहून दोन मिनिटांत कळले.

या कामात खरी घाई असते ती फरशीवाल्याची, आणि खरा वेळ द्यायचा असतो तो फरशीच्या आधी, भिंती उघड्या असताना. आडव्या पाईपला फुटाला पाव इंच उतार; मेस्त्री दर हातावर पाणसळ ठेवून बघत. गाळी पाईपचा जोड आडव्या पाईपच्या माथ्यावरून काढायचा, कुशीतून नाही, नाहीतर घाण त्यात शिरून बसते. आणि तो बेसिनच्या काठाच्या वर गेल्याशिवाय आडवा वळवायचा नाही. त्यांच्या हाताखालचा पोरगा लवकर वळवू पाहत होता, त्याने बोलणी खाल्ली.

सगळे जोडल्यावर खालचे तोंड बुचाने बंद करून पाईप पाण्याने भरला. उभ्या नळीतल्या पाण्याची पातळी बाहेरून दिसेना, म्हणून मेस्त्रींनी दोरा सोडून ओली खूण मोजली आणि मला ती भिंतीवर खडूने काढायला लावली. सकाळी पाणी दोन बोटे उतरले होते. फरशीवाला दारात बसलेला, बाबा म्हणाले, ‘‘मेस्त्री, दोन बोटेच ना?’’ मेस्त्रींनी मान हलवली. तासाभराने एका बेंडखाली ओल सापडली. तो जोड कापला, नवा कपलर घातला, सोल्यूशन लावले, आणखी एक दिवस गेला. दुसऱ्या सकाळी दोरा खडूच्या रेघेला बरोबर टेकला. तेव्हाच गिलावा सुरू झाला आणि सारे पाईप भिंतीत दिसेनासे झाले.

मृगाच्या आदल्या आठवड्यात काम संपले. पहिल्यांदा बादली ओतली, तेव्हा काका दाराशी कान लावून उभे होते. गुडगुड झाली नाही.

जूनमध्ये अक्कांनी डबाभर संडिगे पाठवले. आजीने त्यातला एक उचलून नाकाजवळ नेला, नीट हुंगला, आणि मग कढईत सोडला.