साकु, पोदुम, पुरे

इरुंगाट्टुकोट्टै या नावात रान आहे आणि किल्लाही. 'काडु' म्हणजे रान, 'कोट्टै' म्हणजे किल्ला. २००९ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला दोन्ही दिसले नाहीत. दिसल्या त्या सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीच्या भिंती, ह्युंदाईच्या नव्या गाड्या घेऊन निघालेले ट्रेलर आणि मधूनमधून कोरियन लिपीतल्या पाट्या. नवऱ्याला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मी भाषांतरकार. मला टेबल आणि वीज असली की कुठलंही गाव चालतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. ते फारसं खरं नव्हतं.

सामान पुढे गेलं होतं आणि आम्ही बंगळूरला एक मुक्काम करून गाडीने येत होतो. तिथल्या दुकानात मी एक सीडी घेतली होती: 'द रघू दीक्षित प्रोजेक्ट'चा पहिला अल्बम, २००८ मध्ये आलेला. घेतली ती एका गमतीशीर कारणाने. हा गायक जन्माने नाशिकचा, वाढला म्हैसूरला. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेला, भरतनाट्यम शिकलेला, आणि गिटार मात्र स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. अनेक वर्षं रेकॉर्ड कंपन्यांच्या दारांवरून परत आल्यावर विशाल-शेखर या संगीतकार जोडीने त्याला मुंबईत ऐकलं आणि आपल्या नव्या कंपनीतर्फे त्याचा अल्बम काढला. त्यात काही गाणी हिंदी, काही कन्नड, काही इंग्रजी. कुठल्या खणात ठेवायचा असा हा माल आहे, एवढं दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

वेल्लोर मागे पडलं असेल तेव्हा 'गुडुगुडिया' सुरू झालं. गिटारचा ठेका, मागे व्हायोलिन, आणि मोकळा, थोडा खरखरीत आवाज. नवरा म्हणाला, "हे काय म्हणतोय गं?" मी पटकन म्हणाले, "गुडगुडी. हुक्का." आणि मग गप्प झाले. मला कन्नड येत नाही, असं मी तीस वर्षं सांगत आले होते.

आमचं घर सोलापूरचं. आई इंडी तालुक्यातली, म्हणजे विजापूरकडची. तिची आई, आमची अव्वा, मराठी समजायची पण बोलायची नाही. अण्णांना घरात कन्नड चालत नसे. ते वाईट माणूस नव्हते. सीमाप्रश्नाच्या सभांना जाणारे, मुलांच्या शाळेची काळजी करणारे शिक्षक होते. पोरांची भाषा बाटायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. आई भात वाढून घेताना हात आडवा धरून "साकु" म्हणायची आणि अण्णा ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "पुरे म्हण." रागाने नव्हे, सवयीने. हळूहळू आई 'पुरे' म्हणायला लागली. मी कधी तिच्या बाजूने बोलल्याचं मला आठवत नाही. उलट शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा अव्वाने बाहेर येऊ नये असं मला वाटायचं.

'गुडुगुडिया' आणि त्याच अल्बममधलं 'सोरुतिहुदु' ही दोन्ही पदं संत शिशुनाळ शरीफांची. शरीफ १८१९ ते १८८९ या काळातले. शिशुनाळ हे त्यांचं गाव आजच्या हावेरी जिल्ह्यात, शिग्गावजवळ. जन्माने मुसलमान, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. मराठी वाचकाला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवावेत, आणि पदांची रीत पाहून एकनाथांची भारुडं. हुक्का, गळकं घर असं हाताशी जे येईल त्यातून ते देहाची आणि मनाची गोष्ट सांगतात. कन्नड घरांत ही पदं आधी पोचली ती सी. अश्वथ यांच्या चालींतून. १९९० च्या नागाभरणांच्या चित्रपटात संगीत त्यांचंच होतं आणि गोविंदभट्ट झाले होते गिरीश कार्नाड. म्हणजे दीक्षितने अज्ञात काही खणून काढलं नव्हतं. घरोघरी असलेलीच पदं त्याने गिटारवर घेतली आणि 'मैसूर से आई'सारख्या हिंदी प्रेमगीताच्या शेजारी, कसलीही ओळख करून न देता ठेवली. कन्नड न येणाऱ्यांसाठी सोपं केलं नाही, की कन्नडवाल्यांसाठी वेगळी सीडी काढली नाही.

मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलं. 'स्रोतभाषा' आणि 'लक्ष्यभाषा' हे शब्द शेकडो वेळा लिहिले. पण भाषांना खालीवर न लावता एका ओळीत बसवता येतं, हे मला त्या गाडीत, टोलनाक्याच्या रांगेत कळलं.

अल्बममधलं सगळंच मला आवडतं असं नाही. इंग्रजी प्रेमगीत मी आजही पुढे ढकलते. त्यात आवाज आहे, भाषा नाही. आणि शरीफांच्या पदांतली जी कडवट खूण आहे ती गिटारच्या उत्साहात थोडी विरघळते. चेन्नईत एकदा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकला तेव्हा कुजलेल्या तुळयांच्या, गळणाऱ्या घराच्या गाण्यावर लोक हात वर करून नाचत होते. मला ते खटकलं. मग वाटलं, भारुडावर तरी लोक गंभीर चेहऱ्याने कुठे बसायचे? २०१० मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात हा गट वाजवून आला, त्यानंतर हाच अल्बम ब्रिटनच्या आयट्यून्सवर वर्ल्ड म्युझिकच्या यादीत पहिला गेला. त्या श्रोत्यांनाही 'सोरुतिहुदु' म्हणजे 'गळतंय' हे बहुधा माहीत नसणार.

मी मात्र ते माहीत करून घ्यायचं ठरवलं. शब्दकोश घेतला, कन्नड लिपी गिरवली, आणि दोन वर्षांत शरीफांच्या तीसेक पदांचं मराठी केलं. एका प्रकाशकाने वाचून सांगितलं, चांगलं आहे, पण मराठी वाटत नाही, अभंगात बसवा. मी बसवलं. सगळं नीट बसलं, एकही मात्रा सांडली नाही, आणि वाचताना मलाच जांभई येऊ लागली. प्रकाशकाने पुढे काही कळवलं नाही. मीही विचारलं नाही. फाइल तशीच पडून राहिली.

मुलगा २०१० चा. तो इथेच वाढला. शाळेत इंग्रजी आणि तमिळ, खाली खेळायला आलेल्या मुलांत ओडिया आणि हिंदी, घरात मराठी. त्याचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं. अण्णा एकदा इथे येऊन राहिले होते तेव्हा हा दुकानदाराला "अण्णा" अशी हाक मारायचा आणि आमचे अण्णा दर वेळी मागे वळून पाहायचे. त्यावर आम्ही हसलो. पण तो सहा-सात वर्षांचा असताना एका रात्री मी त्याला भात वाढत होते. त्याने हात आडवा धरला आणि म्हणाला, "पोदुम, आई." मी भाताचा चमचा तसाच धरून म्हणाले, "पुरे म्हण."

तो म्हणाला, "पुरे." आणि जेवू लागला. काहीच घडलं नाही. मला मात्र पुढचा घास गिळेना. मी वापरलेले शब्द तर अण्णांचे होतेच, मान न उचलण्याची ढबसुद्धा त्यांचीच होती.

त्या रात्री मी फाइल उघडली असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. तसं झालं नाही. फाइल उघडायला अण्णा जावे लागले आणि आई माझ्याकडे राहायला यावी लागली. सोलापूरहून आणायला आम्ही गाडीनेच गेलो. येताना मी मुद्दाम हुबळी-शिग्गाव-हावेरीचा रस्ता धरायला लावला. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत जो महामार्ग आमच्या वसाहतीवरून चेन्नईत शिरतो, तोच शिग्गाववरून जातो. इतकी वर्षं मी शिशुनाळच्याच रस्त्यावर राहत होते. गाडीत 'सोरुतिहुदु' लावलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "अश्वथचं बरं होतं. हा फार घाई करतो." आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे पाहत, पुढचं कडवं तिने अश्वथच्या चालीत हळू म्हटलं.

घरी आल्यावर तिला माझं भाषांतर वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीला तिने थांबवलं. "छप्पर कसलं गं? माळिगी म्हणजे माळवद. अव्वाच्या घराला होतं तसलं." छप्पर गळतं तेव्हा भोक दिसतं, कौल सरकवलं की झालं. माळवदाचं तसं नाही. पाणी मातीच्या थरात एकीकडून शिरतं, आत फिरत राहतं आणि भलतीकडेच ठिबकतं. म्हणून दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती घालायची. ते चुकलं की तुळई आतून कुजते आणि कळतही नाही. शरीफांनी घरासाठी अज्ञानाचं जे कारण सांगितलं आहे ते छपराला लागूच पडत नव्हतं. शब्द सोलापूरचाच होता, माझ्या लहानपणातला. 'मराठी वाटावं' म्हणून मी तो खोडला होता.

आता आई आणि मी रोज दुपारी एक पद घेतो. अभंग मोडून टाकले आहेत. गुडगुडी गुडगुडीच ठेवली आहे. काही ओळींत कन्नड क्रियापदाची चाल राहू दिली आहे. ते कुणाला मराठी वाटणार नाही कदाचित. प्रकाशक अजून मिळालेला नाही. पहिल्याला पुन्हा पाठवायचं धाडस झालेलं नाही.

रात्री जेवायला आम्ही चौघं असतो. मुलगा "पोदुम" म्हणतो. आई अजूनही "पुरे" म्हणते. पन्नास वर्षांची सवय आहे, आणि मी तिला "साकु म्हण" असं सांगत नाही. परवा मात्र वाढता वाढता माझ्याच तोंडून निघालं, "आई, साकु का?" तिने ताटावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "थोडा वाढ अजून."