सोमवारच्या अर्जाआधी

चि. छकुली,


काल रात्री फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. आज सकाळी आंघोळ उरकून आधी लिहायलाच बसले. फोनवरचं निम्मं विसरायला होतं, पत्र पुन्हा वाचता येतं.

शाळेतला तो मुलगा तुझ्या लेकाला म्हणाला, "रोज डबा मला द्यायचा, नाहीतर जिन्यावरून ढकलीन. घरी सांगितलंस तर बघच." यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत वाईट वाटतं. बाकीच्या धमकीला जोर येतो तो त्या वाक्यामुळे. तुझ्या लेकाने ते मोडून तुला सांगितलं, दहा वर्षांच्या पोराने! "सांगितलंस ते बरं केलंस," असं आजच त्याला जवळ घेऊन म्हण. "तू का नाही दोन ठेवून दिल्यास?" हे मात्र घरात कुणीच म्हणायचं नाही. जावयांनाही सांग.

मी स्वतः यात चुकले आहे. तुझा आतेभाऊ चौथीत असताना एक मुलगा त्याला कंपासपेटीवरून धमकावायचा. मी शिक्षिका, दुसऱ्यांच्या मुलांची भांडणं रोज सोडवणारी. पण स्वतःच्या मुलाचं ऐकलं आणि डोकं फिरलं. शाळा सुटताना त्या मुलाला फाटकापाशी गाठलं आणि चारचौघांत झाप झाप झापलं. तो नऊ वर्षांचा पोर थरथरत होता. दुसऱ्या दिवसापासून वर्ग माझ्या मुलाला 'चहाडखोर' म्हणायला लागला. पुढची दोन वर्षं त्याने शाळेतलं अवाक्षर मला सांगितलं नाही. धमक्या थांबल्याच नव्हत्या, हे तो कॉलेजात गेल्यावर बोलला. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

म्हणून फाटकावर जाऊ नकोस. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही काही लिहू नकोस आणि त्या मुलाच्या आईला इतक्यात फोन करू नकोस. दोन घरं भांडायला उठली की शाळा हात झटकून मोकळी होते.

जावई पोलिसांत जायचं म्हणताहेत. त्यांचा राग मला कळतो. पण समोरचाही पाचवीतलाच आहे. 7 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायदा गुन्हा धरत नाही. 7 ते 12 या वयात, आपण काय करतोय हे समजण्याइतकी त्याची जाण होती का, ते आधी पाहतो. उद्या हत्यार निघालं, मार लागला, किंवा अंगाला नको तिथे हात लावल्याचं कळलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर चोवीस तास, फुकट चालतो. तो लेकालाही पाठ करून ठेवायला सांग.

आज एवढं कर. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरव: कुठला जिना, कुठली सुट्टी, कितव्यांदा. उलटतपासणी नको, भाजी निवडताना, गाडीवर मागे बसवून नेताना मुलं जास्त बोलतात. आणि एक नक्की विचार: तिथे आणखी कोण होतं? फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी शाळांतली दादागिरी रोखायला 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला, 2009 पासून तो देशभर नेला. त्यांचं लक्ष मुख्यतः बघ्या मुलांवर असतं. छत्तीस वर्षं वर्गावर काढून मलाही तेच पटलं आहे. दादागिरी करणारा पोर आधी बघतो, कोण हसतंय. हसणारे गप्प झाले, एकाने जरी "चल रे, आपण खाली जाऊ" म्हणत तुझ्या लेकाचा हात धरला, तरी त्याचं बळ निम्मं होतं. असा एखादा मित्र असेल तर त्याला रविवारी घरी खेळायला बोलाव.

सोमवारी आधी वर्गशिक्षिकांना भेट. त्या वाईट नसतात, पन्नास-साठ मुलांत त्यांना दिसत नाही. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, दोन प्रती. एकीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. त्या मुलाला शिक्षा करा, असं त्यात लिहू नकोस. मधल्या सुट्टीत जिन्यावर कोण उभं राहणार, दोघांचे बाक कुठे, स्वच्छतागृहाकडे आणि व्हॅनपाशी कुणाचं लक्ष असणार, आणि हे कधीपर्यंत कळवणार, ते विचार. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, राज्य सरकारने 2022 मध्ये तसं ठरवलं आहे. तिच्यावर कोण आहे तेही विचारून घे.

"दोघांना समोर बोलावतो, हात मिळवतील, मिटून जाईल," असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हण. मी वर्गात कितीदा असे हात मिळवून दिले! घाबरलेलं मूल आपल्यादेखत हसून हात देतं आणि त्याची किंमत संध्याकाळी व्हॅनमध्ये मोजतं. दोघांशी वेगवेगळं बोलायला सांग. त्या दुसऱ्या मुलाला दुसऱ्याचा डबा का लागतो, हेही शाळेने शोधलं पाहिजे. मला कालपासून त्याचीही काळजी वाटते आहे.

पुढचे पंधरा दिवस सकाळी पोट दुखतंय म्हणाला, डबा रिकामा येऊनही भुकेला असला, तर वहीत लिहीत जा.

अर्जाचा कच्चा मसुदा सोबत जोडते. तारखेची आणि जिन्याची जागा कोरी ठेवली आहे. जिना कुठला, ते त्यालाच विचारून भर. मी बुधवारच्या गाडीने येते. त्याला म्हणावं, आजी दोन डबे भरून बेसनाचे लाडू आणणार आहे.

तुझी,
आत्या