दहा अंक

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान पहाटे पाहावे. वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेल्या या रोपाचा आता मोठा वृक्ष झाला आहे. याच मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी त्याने परदेशी प्रेक्षकांसमोर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. कापसाच्या मुलखातील तरुणांनी एवढ्या दूर जाऊन नाव मिळवावे, याचे अमरावतीकरांना आजही कौतुक वाटते.

दिवाळीच्या सुटीत मामाकडे आलेला अकोल्याचा एक बारा वर्षांचा मुलगा या मैदानाच्या कडेला उभा होता. त्याच्याहून लहान दिसणारा एक खेळाडू एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर सरसर चढला आणि वरच्या बोंडावर पद्मासन घालून स्वस्थ बसला. हात गुडघ्यांवर, दृष्टी समोर. पाहणाऱ्यांचे श्वास रोखले गेले; वर बसलेल्याचा श्वास मात्र संथपणे चालला होता. ही दुसरी गोष्ट अकोल्याच्या मुलाच्या ध्यानात आली नाही. त्याला दिसली ती केवळ उंची.

परतीच्या प्रवासात बडनेऱ्याहून निघालेल्या गाडीने मूर्तिजापूर मागे टाकले, तोवर त्याचा निश्चय झालेला होता. मल्लखांब अकोल्याच्या त्याच्या गल्लीत नव्हता. पण योगासनांचा वर्ग होता. तेथे शीर्षासन शिकावे, मयूरासन शिकावे, आणि येत्या २१ जूनला योगदिनाच्या कार्यक्रमात सर्वांच्या पुढे उभे राहावे! २०१५ सालापासून हा दिवस जगभर साजरा होतो, हे त्याने शाळेत ऐकले होते. विदर्भातल्या शाळा त्या सुमारास बहुधा उघडलेल्या नसतात. परंतु मैदाने तर उघडीच असतात.

घराजवळच्या देवळाच्या सभामंडपात भरणारा तो वर्ग जनार्दनस्वामींच्या परंपरेतला होता. कोकणात जन्मलेल्या या संन्याशाने १९५१ साली नागपुरात योगाभ्यासी मंडळ स्थापन केले आणि १९७८ साली देह ठेवीपर्यंत योगाचा प्रसार हेच आपले कार्य मानले. गावोगाव जावे, जो येईल त्याला शिकवावे आणि शिकविण्याचे मोल घेऊ नये, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या पद्धतीत आसने सोपी असतात आणि ती समुदायाने, एकाच्या आज्ञेवर करावयाची असतात. शिक्षक अंक मोजतो. त्या अंकांबरोबर सारे हात वर जातात, आणि अंकांबरोबरच खाली येतात.

अकोल्याच्या वर्गाचे शिक्षक निवृत्त पोस्टमास्तर होते. मुलगा नवी सतरंजी घेऊन पहाटेच हजर झाला. त्याची समजूत होती की, आज निदान मयूरासनाला प्रारंभ होईल. प्रत्यक्षात काय झाले? दोन्ही हात वर उचलून ताठ उभे राहावे आणि दहा अंक होईपर्यंत हालू नये, एवढेच सांगण्यात आले. मग उताणे निजून एक पाय उचलावयाचा, दहा अंक; दुसरा पाय, पुन्हा दहा अंक. मध्ये मध्ये शवासन. शेवटी तर बराच वेळ शवासन! हातपाय सैल सोडून, डोळे मिटून पडून राहावयाचे. मुलाला तेथेच गाढ झोप लागली. ही वार्ता घरी पोहोचली तेव्हा आजी म्हणाली, "काहून रे बाबू, घरी झोप पुरत नाही म्हणून देवळात झोपाले जातं का?"

वर्गात येणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही अपेक्षा होती. कापडाच्या एका दुकानदाराला आपला मधुमेह महिन्याभरात जावा असे वाटे. गुरुजींनी त्यांना सांगितले, "आसने अवश्य करा, पण डॉक्टरांची गोळी त्यांना विचारल्यावाचून बंद करू नका." महाविद्यालयातील एका मुलीला स्मरणशक्ती वाढवावयाची होती. गुरुजी म्हणाले, "स्मरणशक्तीचे मी सांगू शकत नाही. वाचावयाला बसल्यावर तुझे मन दहा मिनिटे तरी एका ठिकाणी थांबते का, ते तू पाहत जा." हे ऐकून ती थोडी हिरमुसली. योगाच्या नावावर वाटेल ते आश्वासन देणारी माणसे बाजारात पुष्कळ आहेत; त्यांच्यापुढे हे पोस्टमास्तर फारच फिके वाटत. परंतु आलेले पत्र जसेच्या तसे पोहोचवावे, त्यात पदरची ओळ घालू नये, हा त्यांच्या जन्मभराच्या नोकरीचा धर्म होता.

"एवढे सावकाश कशासाठी?" असे एकदा मुलाने धीर करून विचारले. तेव्हा गुरुजींनी त्याला लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांची हकीकत सांगितली. कुवलयानंदांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रिया चालू असताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांच्या आणि दाब मोजणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने पाहावयास आरंभ केला. त्यांनी श्रद्धेला नावे ठेविली नाहीत. मात्र मोजल्यावाचून मान डोलावली नाही. "धावताना दम लागतो, आणि तो लागावाच," गुरुजी म्हणाले. "आसनात मात्र दम लागता कामा नये. श्वास अडखळला की समजावे, आपण आपल्या मर्यादेपलीकडे गेलो. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना दोनच गोष्टी मागितल्या आहेत, स्थैर्य आणि सुख. उंची मागितलेली नाही."

उंचीचा उल्लेख त्यांनी सहज केला होता. मुलाला मात्र तो वर्मी लागला. त्याने रागाने ठरविले की, आता आपले आपणच शिकावे.

फाल्गुनातील एका दुपारी घरात सामसूम असताना त्याने माजघराच्या भिंतीशी उशी ठेवली, तीवर डोके टेकले आणि पाय वर झुगारले. शीर्षासनात शरीराचा भार मुख्यतः बाहूंनी आणि खांद्यांनी पेलावयाचा असतो, मानेवर तो येऊ द्यावयाचा नसतो, हे त्याला ठाऊक नव्हते. क्षणभर पाय भिंतीला लागले. त्याला वाटले, जिंकलो! दुसऱ्याच क्षणी तोल गेला, कोपऱ्यातील घागर धाडकन लवंडली आणि मानेतून कळ निघाली.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हाडाला इजा नाही. मान काही दिवस जपावी. थोडक्यात निभावले. वडील पुष्कळ बोलले. गुरुजी भेटावयास आले, तेव्हा हेही रागावतील म्हणून मुलाने डोळे मिटून घेतले. ते उशाशी बसले आणि म्हणाले, "शवासन चांगले जमते आहे." मुलाला हसू आले, पण हसताना मान दुखली, आणि मग त्याला रडूही आले.

पंधरा दिवस वर्ग बंद. या रिकाम्या दिवसांत त्याने आजीकडे प्रथमच नीट पाहिले, असे म्हटले तरी चालेल. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नसे. ओट्याच्या दोन पायऱ्या चढावयाच्या तरी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवी आणि प्रत्येक पायरीवर थांबे. इतके दिवस तो खांदा पुढे करीत आला होता, पण त्याचे मन नेहमी गल्लीतल्या खेळात असे.

त्याने गुरुजींना विचारले, "आजीला काही करता येईल का?"

गुरुजींनी आधी डॉक्टरांची संमती घ्यावयास लाविली. मग त्यांनी एक लाकडी खुर्ची मागविली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे अशा साध्या वस्तूंचा आधार देऊन, ज्यांचे शरीर वाकत नाही त्यांनाही आसने करावयास शिकविले. अय्यंगार स्वतः लहानपणी दुखण्यांनी पोखरलेले होते; दुबळ्या शरीराची अडचण त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. खुर्चीवर ताठ बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ करावा, दहा अंक होईपर्यंत धरावा आणि सावकाश खाली ठेवावा, एवढेच आजीला सांगण्यात आले.

"मले म्हातारीले आता कायले शिकवतं?" असे म्हणत ती बसली. अंक मोजण्याचे काम मुलाकडे आले. त्याने भरभर दहा मोजून टाकले.

"हळू मोज ना बाबू," आजी म्हणाली, "गाडी सुटून रायली का तुही?"

तो थबकला. मग आजीच्या श्वासाकडे पाहत त्याने पुन्हा मोजावयास प्रारंभ केला. एक... दोन... तिचा श्वास पुरा होईतो पुढचा अंक उच्चारावयाचा नाही. सात म्हणताना तिच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा तो आपणहून थांबला आणि म्हणाला, "आज सातच." आजच्या दिवसाला सात पुरे, हे त्याला कोणी शिकविले नव्हते.

चैत्र गेला, वैशाख गेला. अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगावे! पहाटेही फरशी तापलेली असे. तरी खुर्चीवरचा अभ्यास चुकला नाही. मानेची कळ जाऊन मुलगाही वर्गात परतला होता. गुरुजींनी त्याला अजून शीर्षासन दाखविले नव्हते, आणि त्यानेही ते मागितले नाही.

२१ जूनला नुकत्याच पडलेल्या पावसाने काळी माती फुगली होती. शहरातील त्या मैदानावर ताडपत्र्या अंथरून शेकडो माणसे ओळीने उभी राहिली. मुलगा चौथ्या रांगेत होता. व्यासपीठावरून कोणी त्याला पाहिले असण्याचा संभव नाही. ध्वनिक्षेपकावरचे अंक जरा घाईने मोजले जात आहेत, हे मात्र त्याला जाणवले. कडेच्या लिंबाखाली खुर्ची टाकून आजी बसली होती आणि ध्वनिक्षेपकाकडे लक्ष न देता स्वतःच्या अंकांवर पाय उचलीत होती.

कार्यक्रम संपवून दोघे घरी आली. आजीला अजून जमिनीवर बसता येत नव्हते. बहुधा ते पुढेही जमणार नव्हते. ओट्यापाशी येताच मुलाने नेहमीप्रमाणे खांदा पुढे केला. हाताचा भार काही आला नाही. त्याने मान वळवून पाहिले, तर आजी दुसऱ्या पायरीवर उभी राहून दाराची कडी काढीत होती.